संसारातली प्रार्थना : रेव्हरंड ना. वा. टिळक

टिळक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोकमान्यच उभे राहतात. आज आम्ही आठवण काढीत आहोत ती दुसऱ्या टिळकांची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. ते ख्रिस्ती पाळक होते. वारकऱ्यांच्या मासिकात पाळकाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. विचारू दे बापडा. आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे हा गृहस्थ उघड सांगत असे. तुकोबांचे ऋण ज्याने परधर्मात जाऊनही टाकले नाही, त्याला दोन पाने देताना आम्हांला संकोच वाटत नाही.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई जानकीबाई मायाळू, गाण्याकवितेची आवड असलेली. वडील मात्र फार कडक. आई लवकर गेली आणि हे पोर शिकायला नाशकाकडे निघाले. १८८० साली लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची; तीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई.

१८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. पुढची दोन वर्षे वाचन, शंका आणि तळमळ. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर तर आभाळच कोसळले! लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांकडे राहिल्या. त्यातला काही काळ आपल्या पंढरपुरातच गेला. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला, अशा स्थितीत त्या माउलीने काय सोसले असेल, ते बायाबापड्यांना सांगायला नको.

काही वर्षांनी त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, नवऱ्याजवळ आल्या. पण सोवळे सांभाळून, स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळक नव्या धर्माचे उपदेशक, आणि घरची बाई त्यांच्या हातचे पाणी घेईना! तरी त्यांनी सक्ती केली नाही. दुसऱ्यांना उपदेश करणे सोपे असते हो. आपल्या माणसापुढे गप्प बसून वाट पाहणे अवघड. आम्हांला विचाराल तर टिळकांची मोठी प्रार्थना ती हीच. लक्ष्मीबाईंच्या मनातला भेदाभेद हळूहळू आपोआप गळाला आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत विलायती चालींवरची भाषांतरित गीते पुष्कळ. शेतातून, चुलीपुढून आलेल्या माणसाला ती कशी आपली वाटावीत? टिळकांनी तिथे अभंग आणले, भजन आणले, कीर्तनाला स्वतः उभे राहिले. शंभराहून अधिक उपासनागीते त्यांनी रचली आणि आजही त्या मंडळींत ती गाइली जातात. देवाशी बोलायचे तर आईशी बोलतो त्या भाषेत, हे त्यांना कळले होते. हे कोणाकडून शिकले, ते वारकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. घरी दत्तू तर होताच, पण दुसऱ्यांची पोरेही त्या घरात सदा असत. त्यांतलेच एक बालकवी ठोमरे. नगरला टिळकांच्या बिऱ्हाडी ते राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. पाखराच्या पिलाचे दुःखसुद्धा टिळकांना स्वस्थ बसू देत नसे. लेकरू रडले म्हणून प्रार्थना मोडली, असे त्यांना वाटत नसावे. लेकरू उचलून घेणे हीसुद्धा प्रार्थनाच की.

पण एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. टिळक मनाचे उदार तितकेच स्वभावाचे तापट, आणि व्यवहाराचे नावच काढू नका. खिशातला पैसा घरी पोचण्याआधी कोणा गरजूच्या हाती जाई. दारी पाहुणे घेऊन येत, मग डब्यात पीठ असो की नसो. आपल्या गोरोबाकाकांची कथा आठवा. नामात रंगले आणि चिखलात लेकरू तुडवले गेले. आपण ती कथा डोळे मिटून ऐकतो, पण त्या लेकराच्या आईकडे किती जण पाहतात? टिळकांच्या घरी तसा अनर्थ झाला नाही, कारण लक्ष्मीबाई डोळे उघडे ठेवून उभ्या होत्या. त्या घरची निम्मी प्रार्थना चुलीपाशी झाली, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाईंनी हे सारे ‘स्मृतिचित्रे’त हसतहसत लिहिले, हा त्यांचा मोठेपणा. ज्यांनी ते पुस्तक वाचले नसेल त्यांनी ते अवश्य मिळवावे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सर्वांनी तिथे एकत्र बसावे, अशी त्यांची कल्पना. काम रुजायच्या आतच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. वय सत्तावन्न.

ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले होते. सुरुवातीचे अध्याय झाले आणि काम थांबले. लग्नात ज्यांना धड अक्षरओळख नव्हती त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालवले आणि एकामागून एक ६४ अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या. मग शेवटचा अध्याय त्या दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, लिहून ग्रंथ पुरा केला.