हट्टीचा माग काढणारे शंबा

शंकर बाळदीक्षित जोशी यांचा जन्म १८९६ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला.  पुढे धारवाडच्या हायस्कुलात त्यांनी मास्तरकी केली, आणि कानडी साहित्यात शंबा या दोन अक्षरांनीच ते ओळखले जाऊ लागले.

इतिहास म्हटला की आपल्यापुढे ताम्रपट, शिलालेख आणि बखरी उभ्या राहतात. परंतु ज्यांना कोणी ताम्रपट दिले नाहीत, त्या धनगर-गवळ्यांचा इतिहास कोठे शोधावयाचा? शंबांनी तो गावांच्या नावांत, जातींच्या चालीरीतींत, देवदेवतांत आणि बोलीत शोधला. हट्टी हा शब्दच पाहा. कानडीत हट्टी म्हणजे गुरे राखणाऱ्यांची वस्ती. या एका शब्दाचा माग काढीत शंबा हट्टीकारांपर्यंत, हटकरांपर्यंत पोहोचले, आणि आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागात एके काळी कानडी बोलणारे पशुपालक नांदत होते, असे त्यांनी प्रतिपादन केले.

१९५२ साली ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हा ग्रंथ त्यांनी मुद्दाम मराठीत लिहिला. वेळ मोठी नाजूक होती. भाषावार प्रांतरचनेचे वारे वाहत होते. चारच वर्षांनी, १९५६ साली, बेळगाव-निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. अशा दिवसांत मराठी माणसाला त्याचे पूर्वज कानडी होते असे सांगणे म्हणजे निखाऱ्यावर पाय ठेवणेच! शंबांच्या काही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेल्या वाटतात. नुसत्या नादसाम्यावर त्या फार भार टाकतात. भूतकाळातील वस्तीवरून आजची सरहद्द ठरत नाही, हेही खरेच. पण पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवापुढे ढोल घुमू लागले, भंडारा उधळला गेला, की मराठी धनगर कोणता आणि कानडी कोणता, हे ओळखून दाखवावे! आपला बिरोबा तोच तिकडचा बीरप्पा. भाषा पालटली तरी दैवत टिकते, हे शंबांचे निरीक्षण तेथे पटते.

‘कर्नाटक संस्कृतिय पूर्वपीठिके’ या ग्रंथाला १९७० चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. १९८१ साली मडिकेरीच्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९१ साली ते निवर्तले. त्यांचे बहुतेक लेखन कानडीतच आहे. मराठी वाचकाच्या हाती मात्र तो १९५२ चा ग्रंथ आहे.