महात्मा फुले : आकड्यांतली विषमता डोळ्यांना दाखवणारा माणूस



महात्मा फुल्यांवर निबंध सांगितला की मुलं १८२७ चा जन्म, १८४८ ची मुलींची शाळा, १८७३ चा सत्यशोधक समाज एवढं झरझर लिहितात. तेवढं यायलाच हवं. पण समाजातली विषमता लोकांना दिसेल अशी मांडणं त्यांना फार चांगलं जमायचं, हे मात्र निबंधात येतच नाही.

जोतीराव वाढले पुण्यात, पण घराणं आपल्या साताऱ्याचं, खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. सारा कोण भरतो आणि त्या पैशातून कुणाची मुलं शिकतात, हा हिशोब त्यांनी कधी सोडला नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगाला निवेदन देताना त्यांनी तोच पुढे केला. मुंबई इलाख्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ गावांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही! पैसा रयतेच्या घामाचा, उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गाला. निदान १२ वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती.

वर्गात हे शिकवताना फळ्यावर दहा चौकोन काढा आणि एकच रंगवा. दहा लाख म्हटलं की चौथीची मुलं नुसती मान हलवतात, चौकोन बघून मात्र प्रश्न विचारतात.

आता बघा, आयोगाला कागद देता येतो. पण ज्याला वाचताच येत नाही, त्या शेतकऱ्याचं काय? १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीरावांनी शेतकऱ्याच्या घरादाराचं, खाण्यापिण्याचं बारीक वर्णन केलं आणि त्यातले भाग ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवले. १८८८ मध्ये तर कमालच! पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला सगळे नटूनथटून आलेले, आणि हे चक्क शेतकऱ्याच्या वेशात. खरा देश बघायचा तर खेड्यात चला, असं त्यांनी राजपुत्राला तोंडावर सांगितलं.

१८९० मध्ये ते गेले. त्यांच्या सत्यशोधक विचारातून घडलेले भाऊराव पाटील मूळ ऐतवडे बुद्रुकचे. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आता सांगलीत आहे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि एकाच पंगतीत जेवायची.