पहिली मोटारयात्रा

मोटार ही आज आपल्या इतक्या परिचयाची वस्तू झाली आहे, की तिच्याकडे पाहून कोणालाही नवल वाटत नाही. गावोगावी रस्ते झाले, वाटेत पेट्रोलचे पंप झाले, आणि मोटार बिघडलीच तर ती दुरुस्त करणारे कारागीरही जागोजागी भेटतात. परंतु एक काळ असा होता, की सगळ्या जगात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या आणि त्यांतून दूरच्या प्रवासाला निघण्याचे धाडस कोणी करीत नसे. ते धाडस प्रथम केले एका स्त्रीने. त्या स्त्रीचे नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्झहाइम या गावी झाला. तिचे वडील इमारती बांधण्याच्या व्यवसायात होते व घरची स्थिती चांगली होती. लहानपणापासून तिला यंत्रांविषयी मोठे कुतूहल होते. परंतु त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. ती उघडली १९०० साली; तेव्हा बर्थाची पन्नाशी उलटली होती.

तरुणपणी तिची कार्ल बेंझ यांच्याशी ओळख झाली. कार्ल हे आगगाडीच्या एंजिन-चालकाचे पुत्र. ते दोन वर्षांचे असतानाच वडील वारले आणि आईने मोठ्या कष्टाने त्यांना शिकविले. घोड्यावाचून, स्वतःच्या शक्तीने चालणारी गाडी निर्माण करावी, हा त्यांना ध्यास लागला होता. १८७१ साली त्यांनी एका भागीदाराच्या साहाय्याने मानहाइम शहरात एक लहानसा कारखाना काढला. पण भागीदाराशी त्यांचे पटेना. कारखाना हातचा जातो की काय, अशी वेळ आली. तेव्हा बर्थाने आपल्याला मिळावयाचा हुंडा लग्नापूर्वीच वडिलांकडून मागून घेतला आणि त्या पैशाने भागीदाराचा हिस्सा विकत घेण्यात आला. २० जुलै १८७२ रोजी दोघांचा विवाह झाला.

पुढील काही वर्षे फार ओढगस्तीची गेली. मुलेबाळे झाली, खर्च वाढला, पण कारखान्याला बरकत येईना. तरीही बर्थाबाईंनी पतीला धीर दिला. ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री, सारे गाव नववर्षाच्या स्वागतात दंग असता, हे पतिपत्नी कारखान्यात गेले. अनेक दिवस हट्ट धरून बसलेले त्यांचे एंजिन त्या रात्री प्रथमच व्यवस्थित चालू लागले. पुढे २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मिळविण्यासाठी अर्ज केला. या मोटारीच्या एंजिनाला एकच सिलिंडर होता आणि त्याची शक्ती एका अश्वशक्तीहूनही कमी होती.

गाडी तयार झाली, पण ती विकत घ्यावयास कोणी पुढे येईना. धूर सोडीत, फटफट आवाज करीत जाणारे ते वाहन पाहून लोक हसत, घोडे बुजत. अशा यंत्रावर जिवाचा भरवसा कोण ठेवणार? कार्ल बेंझ स्वभावाने अतिशय चिकित्सक. त्यांना गाडीत रोज नवी सुधारणा सुचे, पण ती लोकांपुढे न्यावी असे त्यांना वाटेना. ज्या गाडीसाठी बर्थाबाईंनी आपले सर्वस्व वेचले होते, ती कारखान्यातच धूळ खात पडणार अशी चिन्हे दिसू लागली. गाडी दूरवर चालते, हे लोकांना प्रत्यक्ष दाखविल्यावाचून गत्यंतर नाही, हे बर्थाबाईंनी ओळखले.

ऑगस्ट १८८८ मधील एका पहाटे, कार्ल झोपेत असतानाच, त्या उठल्या. पंधरा वर्षांचा युजेन व तेरा वर्षांचा रिचर्ड या दोघा मुलांना बरोबर घेऊन त्यांनी गाडी बाहेर काढली. फोर्झहाइमला माहेरी जावयाचे, असा त्यांचा बेत होता. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. तोवर मोटारीतून एवढा लांबचा प्रवास कोणीही केला नव्हता. रस्ते बैलगाड्यांचे व घोडागाड्यांचे, आणि वाट दाखविणाऱ्या पाट्याही फारशा नव्हत्या.

गाडीत इंधन थोडेच मावत असे. वीसलोख गावाजवळ ते संपत आले. पेट्रोलचे पंप तर तेव्हा नव्हतेच. परंतु कपड्यांवरील डाग काढण्यासाठी लिग्रोइन नावाचे एक द्रव औषधांच्या दुकानात मिळते व त्यावर हे एंजिन चालते, हे बर्थाबाईंना ठाऊक होते. त्यांनी तेथील औषधविक्रेत्याकडून ते विकत घेतले. ते दुकान आज जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून प्रसिद्ध आहे. एंजिन थंड ठेवण्यासाठी पाणीही वरचेवर लागे. ते मुलांनी वाटेतील विहिरींतून व ओढ्यांतून आणावे आणि पुन्हा पुढे निघावे, असा क्रम चालला.

संकटांना मात्र तोटा नव्हता. एकदा इंधनाच्या नळीत घाण अडकली. बर्थाबाईंनी आपल्या टोपीची लांब टाचणी काढून नळी मोकळी केली. पुढे ठिणगी पाडणाऱ्या तारेवरील वेष्टण झिजले. तेव्हा मोजे बांधण्याचा पट्टा त्यांनी तिच्याभोवती गुंडाळला. साखळी सैल झाली, ती एका लोहाराने नीट करून दिली. चढ आला की एंजिनचा दम संपे आणि खाली उतरून गाडी ढकलावी लागे. उतारावर निराळेच भय. लाकडी ब्रेक झिजून गेले होते. बाउश्लॉट गावी एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून बर्थाबाईंनी ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची पद्धत येथूनच सुरू झाली, असे मानतात.

अंधार पडता पडता, धुळीने माखलेली ती तिघे फोर्झहाइमला पोहोचली. बर्थाबाईंनी लगेच पतीला तारेने खुशाली कळविली. काही दिवसांनी त्याच गाडीतून निराळ्या वाटेने त्या सुखरूप मानहाइमला परतल्या.

या प्रवासाची वार्ता दूरवर पसरली. परंतु बर्थाबाईंनी केवळ कीर्ती आणली नव्हती. गाडीत कोठे काय उणे आहे, याची पक्की माहितीही आणली होती. ती ऐकून कार्ल बेंझ यांनी चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसविला. त्याच वर्षी म्यूनिकच्या प्रदर्शनात त्यांच्या मोटारीला सुवर्णपदक मिळाले. मागणी हळूहळू वाढत गेली. १८९९ साली एका वर्षात ५७२ गाड्या त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडल्या.

पुढे हे कुटुंब लाडेनबुर्ग या गावी राहावयास गेले. तेथे १९२९ साली कार्ल बेंझ यांचे निधन झाले. बर्थाबाई त्यांच्यामागे पंधरा वर्षे जगल्या. ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल बेंझ जेथे शिकले त्या कार्ल्‌सरूच्या तांत्रिक विद्यापीठाने बर्थाबाईंना मानाचे पद दिले. दोनच दिवसांनी त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

लाडेनबुर्ग येथील बेंझ कुटुंबाचा जुना कारखाना आता मोटारींचे संग्रहालय झाला आहे, आणि १८८६ ची ती पहिली मोटार म्यूनिकच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. मोटारींचे शौकीन ही संग्रहालये पाहावयास देशोदेशींहून येतात. बर्थाबाई ज्या वाटेने गेल्या व आल्या, ती वाट २००८ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. काही प्रवासी मुद्दाम त्या वाटेने मोटार हाकतात. जो रस्ता आज ते काही तासांत सहज ओलांडतात, त्यासाठी बर्थाबाईंना पहाटेपासून रात्रीपर्यंत झुंजावे लागले होते.

कल्पकतेने यंत्र जन्माला येते. पण त्यावर विश्वास ठेवून ते जगापुढे नेणारे कोणीतरी असावे लागते. कार्ल बेंझ यांनी मोटार निर्माण केली, आणि बर्थाबाईंनी तिला रस्त्यावर आणले.