चालती नर्सरी विकणारा माणूस: ल्यूथर बरबँक यांची गोष्ट

मृग लागला की आपल्या तालुक्यात रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांवर पिकअप उभ्या राहायला लागतात. आंबा, लिंबू, डाळिंब, सीताफळ. दहा नर्सऱ्यांत तीच रोपं, तशाच काळ्या पिशव्या. गिऱ्हाईक म्हणतं पलीकडं पाच रुपयांनी स्वस्त आहे, की हा पण उतरतो. वर्षभर पाणी, औषध, मजुरी घालून शेवटी गाठीला काय राहतं ते नर्सरीवाल्यालाच माहीत.

या धंद्यात राहून वेगळी वाट धरलेला एक माणूस दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेला. त्याचं नाव ल्यूथर बरबँक. त्यांनी नाव कसं कमावलं आणि एकदा ते कसं पणाला लागलं, ही गोष्ट आपल्या नर्सरीवाल्यांनी आणि रोपं घेणाऱ्या शेतकऱ्यांनी वाचावी अशी आहे.

तेवीस बियांचा बटाटा

बरबँक यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लँकेस्टर गावी झाला. घर शेतकऱ्याचं, भावंडं पुष्कळ. शिक्षण गावाकडच्या शाळेपुरतं, कॉलेज नाही. वडील वारल्यावर वाट्याला आलेल्या पैशातून त्यांनी जवळच लुनेनबर्ग इथं १७ एकर जमीन घेतली आणि भाजीपाला सुरू केला. त्याच सुमारास चार्ल्स डार्विन यांचं पाळीव जनावरं आणि लागवडीची झाडं कशी बदलतात यावरचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. झाड आहे तसंच घेतलं पाहिजे असं नाही, त्याच्यात निवड करता येते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

बटाट्याला क्वचित हिरव्या टोमॅटोसारखं बोंड धरतं. आपण तिकडं बघतही नाही, कारण लागवड कंदाची. बरबँक यांना १८७२ मध्ये अर्ली रोझ नावाच्या जातीच्या एका झाडावर असं बोंड दिसलं. ते पिकायची वाट बघत असताना एक दिवस बोंड गायब. खाली मातीत हुडकून हुडकून अखेर सापडलं. त्यात बिया निघाल्या २३. पुढच्या हंगामात त्या लावल्या, तर प्रत्येक झाडाचा बटाटा निराळा. त्यातला एक मोठा, गुळगुळीत आणि भरपूर पिकणारा निघाला.

तो बटाटा त्यांनी जेम्स ग्रेगरी नावाच्या बियाणं व्यापाऱ्याला विकला. मिळाले १५० डॉलर. ग्रेगरींनी १० बटाटे त्यांच्याजवळ राहू दिले आणि वाणाला नावही बरबँक यांचंच दिलं. पुढं याच वाणातून खरबरीत तपकिरी सालीचा रसेट बरबँक निघाला. अमेरिकेत फ्रेंच फ्राईजसाठी आजही तो मोठ्या प्रमाणात वापरतात. त्यातून इतरांनी किती कमावलं त्याचा हिशेब नाही. वाण काढणाऱ्याला मिळाले ते दीडशेच डॉलर.

पहिल्या वर्षाचा गल्ला १५ डॉलर

ते दहा बटाटे घेऊन १८७५ मध्ये बरबँक कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावी आले. भाऊ आधीच तिकडं होते. सुरुवातीला सुतारकाम केलं, मिळेल ती मजुरी केली. मग छोटी नर्सरी टाकली. १८७७ साली वर्षभराची विक्री झाली १५ डॉलर २० सेंट. दुसऱ्या वर्षी ८४ डॉलर. तरी माणूस हटला नाही.

धंद्याला वळण लागलं १८८१ मध्ये. कॅलिफोर्नियात तेव्हा प्रून म्हणजे वाळवून विकायच्या प्लमची हवा झाली होती. वॉरन डटन नावाच्या एका बड्या आसामीला त्याच वर्षीच्या लागणीसाठी २०,००० रोपं पाहिजे होती. एवढी रोपं तयार करायला एरवी अडीच-तीन वर्षं लागतात. बाकी नर्सरीवाल्यांनी हात वर केले असते. बरबँक यांनी एक दिवस विचार केला आणि ऑर्डर घेतली.

त्यांनी काय केलं ते कलम बांधणाऱ्याला लगेच कळेल. प्लमचा खुंट सावकाश वाढतो, बदामाचं बी मात्र लवकर उगवतं आणि झपाट्यानं वाढतं. दोन्ही एकाच कुळातली झाडं, त्यामुळं कलम जुळतं. त्यांनी ओल्या वाळूवर बदाम पसरले, वर जाडंभरडं कापड आणि त्यावर पुन्हा वाळू. कापड उचललं की कोणतं बी फुटलं ते दिसायचं. फुटलेली तेवढी उचलून वाफ्यात लावली. उन्हाळ्यात मजूर लावून त्या खुंटांवर प्रूनचे डोळे भरले. डोळा धरल्यावर बदामाचा शेंडा लगेच छाटला नाही, नुसता मोडून वाकवला, म्हणजे मुळाला पोषण मिळत राहिलं. हंगामाला जवळपास सगळी रोपं तयार. डटन खूश झाले आणि बरबँक यांचं नाव त्या भागात झालं.

चालती नर्सरी विकली

पुढच्या काही वर्षांत नर्सरीची उलाढाल वर्षाला हजारो डॉलरवर गेली. आपण असतो तर आणखी चार एकर घेऊन तीच रोपं दुप्पट केली असती. बरबँक यांनी १८८८ मध्ये नर्सरीचा चालता धंदा भागीदाराला विकून टाकला. त्यांचं वय तेव्हा ३९.

त्यांचा हिशेब सरळ होता. दुसऱ्याच्या जातीची रोपं कुणीही करू शकतो. नवीन जात काढणं मात्र त्यांना जमत होतं, आणि त्या मुलखात तसं करणारं दुसरं फारसं कुणी नव्हतं. म्हणून रोपं विकण्याऐवजी त्यांनी जाती विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकच बदललं. आधी शेतकरी गिऱ्हाईक होता, आता नर्सरीवाले आणि बियाणं कंपन्या झाल्या.

सेबास्टोपोल गावाजवळ त्यांनी १८८५ मध्येच १८ एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्याच साली जपानहून प्लमची रोपं मागवली होती. तिथं संकरातून हजारो रोपं करायची, त्यातली मोजकी ठेवायची आणि बाकीची उपटून जाळायची, असं चालायचं. नव्या रोपाचं फळ बघायला पाच-सहा वर्षं थांबायला नको म्हणून एकाच जुन्या झाडावर शेकडो निरनिराळ्या रोपांच्या काड्या कलम करायचे. फळ लवकर दिसायचं, जागाही वाचायची.

१८९३ मध्ये त्यांनी नव्या जातींची यादी छापली. तिच्यात एकेका जातीचे सगळे हक्क विकायला काढले होते, किमती शेकड्यांत आणि हजारांत. पुष्कळांना ही बढाई वाटली. माणसानं निर्मिती केली म्हणणं काही धर्मगुरूंना खटकलं. पण मिसुरी राज्यातल्या स्टार्क ब्रदर्ससारख्या मोठ्या नर्सऱ्या त्यांचं गिऱ्हाईक झाल्या. १९०१ मध्ये शास्टा डेझी हे पांढरं फूल आलं, त्यामागं जवळपास १७ वर्षांचं काम होतं. १९०६ मध्ये सांता रोझा प्लम आला. हा प्लम आज आपल्या हिमाचलातही पिकतो. आयुष्यभरात त्यांनी ८०० च्या आसपास जाती दिल्या असं सांगतात.

नाव दुसऱ्याच्या हातात गेलं

याच माणसाची मोठी चूकही सांगितली पाहिजे. कोरड्या मुलखात जनावरांना चारा व्हावा म्हणून त्यांनी बिनकाट्याच्या निवडुंगावर बरीच वर्षं घालवली. या निवडुंगाचा मोठा गाजावाजा झाला. वाळवंट हिरवं होणार अशा जाहिराती निघाल्या. विक्रीची दगदग नको म्हणून बरबँक यांनी १९१२ मध्ये निघालेल्या एका कंपनीला आपला माल आणि आपलं नाव वापरायचा हक्क दिला. कंपनीनं लोकांना शेअर विकले. मागणी एवढी की माल पुरेना. तेव्हा साध्या निवडुंगाचे काटे घासून काढून तोच बिनकाट्याचा म्हणून विकला गेला, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. शेतात लावल्यावर काटे परत आले. अस्सल बिनकाट्याचं होतं तेही फुकट येणारं नव्हतं. त्याला सुरुवातीला पाणी लागायचं, आणि काटे नसल्यानं मोकाट जनावरं खाऊन टाकायची म्हणून कुंपणही लागायचं. तीन-चार वर्षांत कंपनीचं दिवाळं निघालं. बरबँक यांचे पैसे बुडाले, आणि फसलेला शेतकरी नाव घेत होता ते कंपनीचं नाही, बरबँक यांचं.

निवडुंग मात्र वाईट नव्हतं. आज आपल्याकडं उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं चाऱ्यासाठी बिनकाट्याच्या निवडुंगावर काम केलं आहे. कमी पडलं ते खरं सांगून विकणं.

दुसरी अडचण कायद्याची. त्या काळी झाडाच्या नव्या जातीला पेटंट नव्हतं. एकदा रोप विकलं की घेणारा त्याची लाख रोपं करायला मोकळा. म्हणून त्यांना पहिल्या विक्रीतच काय ते पैसे काढावे लागायचे. अमेरिकेत असा कायदा झाला १९३० मध्ये. त्याच्या बाजूनं बोलताना बरबँक यांचंच उदाहरण दिलं गेलं. पण ते ११ एप्रिल १९२६ रोजी वारले होते. त्यांच्या नावाची पेटंटं मरणानंतर निघाली.

परमहंस योगानंद त्यांना सांता रोझाला जाऊन भेटले होते. त्यांनी आपलं आत्मचरित्र बरबँक यांनाच अर्पण केलं आहे. बरबँक यांना त्यांच्याच घराच्या आवारात, देवदाराच्या झाडाखाली पुरलं.

आपल्यासाठी काय

कापड घेतलं तर घरी जाईपर्यंत कळतं कसं आहे. फळझाडाचं रोप चार वर्षांनी बोलतं. माझ्याच बांधावर बारमाही म्हणून आणलेली लिंबाची दहा झाडं आहेत. पाचव्या वर्षी कळलं की जात भलतीच. पैसे थोडेच गेले होते, पाच वर्षं गेली ती कुठून आणायची? म्हणून नर्सरीवाल्याचं खरं भांडवल शेडनेट नाही, त्याचा शब्द आहे.

पाच रुपये कमी करून गिऱ्हाईक एका हंगामापुरतं येतं. ज्याच्या आवारात मातृवृक्ष उभा आहे, त्याचं फळ चाखायला मिळतं, जो बिलावर जात लिहून देतो, त्याच्याकडं माणूस चार रुपये जास्त देऊनही परत जातो. गावात एखादं जुनं झाड असतं, कुणाच्या परसातली वेगळी सीताफळ, कुणाच्या मळ्यातला उशिरा येणारा आंबा. त्याचं कलम दुसऱ्या कुठल्या नर्सरीत मिळत नाही. आपल्याकडं २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवताही येतं. बरबँक यांना ही सोय नव्हती.

या पावसाळ्यात रोप घ्यायला गेलात तर भाव विचारायच्या आधी एवढंच विचारा, याचं आईझाड कुठं आहे, दाखवता का. आणि नर्सरीवाल्यानं ते हाताला धरून दाखवावं.