थ्रॉटल बंद, इंजिन चालू!

मित्रांनो, ऑटोमोबाइलच्या व्हायवाला एक प्रश्न हमखास येतो. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी कारचं इंजिन जोरात पळतंय, तर आधी काय बघाल? आपण घाईघाईने आयडलिंगचा स्क्रू फिरवायला निघतो, आणि तिथेच मार्क जातात! आवाज कमी करणं म्हणजे दोष शोधणं नव्हे. पेट्रोल इंजिन पळतं ते आत जाणाऱ्या हवेच्या हिशोबाने. कार्ब्युरेटरचं चार सिलिंडरचं इंजिन साधारण 800 आरपीएमवर गुरगुरायला हवं. ते 1500 वर पळत असेल, तर हवा कुठून तरी आत जातेच आहे. कुठून, ते शोधायचं.

आता तुम्ही म्हणाल, हा लेख थोर व्यक्तीवर की कार्ब्युरेटरवर? दोन्हींवर! कारण हाच प्रश्न मला आपल्या सोलापूरच्या एका माणसाबद्दल पडला. ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. हेन्री फोर्ड, जेम्स वॅट तोंडपाठ होते. वालचंद हे मात्र फक्त कॉलेजच्या पाट्यांवर वाचलेलं नाव! त्यांचं आयुष्य समजून घ्यायला बसले, तेव्हा दिसलं की या माणसाचं थ्रॉटल इंग्रज सरकारने पुन्हा पुन्हा बंद केलं आणि इंजिन मात्र पळतच राहिलं. मग हवा येत होती कुठून?

आमच्या वर्कशॉपचे मामा तपासणीचा क्रम कधी चुकू देत नाहीत. पहिली तपासणी चोकची. इंजिन थंड असताना चोक ओढला की आयडलिंग मुद्दामच थोडं वाढवलेलं असतं. इंजिन तापल्यावर चोक पूर्ण परत गेलाय का, ते बघायचं. वालचंदांचा चोक म्हणजे घरची पेढी. 23 नोव्हेंबर 1882 ला सोलापुरात दोशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. मुंबईचं सेंट झेवियर्स, पुण्याचं डेक्कन कॉलेज झालं, पण पदवी पूर्ण न करताच ते धंद्यात आले. घरची पत होती म्हणून सुरुवात सोपी झाली, हे मान्य करायलाच हवं. पण चोकवर गाडी घाट चढत नाही. पेढीवर बसून आयुष्य छान गेलं असतं, तरी त्यांनी निवडली रेल्वेची कंत्राटदारी!

दुसरी तपासणी जोडांची. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधलं गॅस्केट, व्हॅक्यूमचे रबरी पाइप. मामा एकेका जोडावर थोडं साबणाचं पाणी सोडतात. आवाज बदलला की समजायचं, हवा इथूनच येतेय. वालचंदांच्या आयुष्यात प्रत्येक जोडावर एक माणूस सापडतो. पहिले लक्ष्मण बळवंत फाटक. रेल्वेत कारकुनी केलेल्या या माणसाला कंत्राटांची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल होतं. 'फाटक आणि वालचंद' ही भागीदारी जमली आणि आपल्या जवळच्याच बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर ते धंदा शिकले. पुढे 1926 ला हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि तिने बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खोदले. पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना आपण खिडकीतून ओरडतो ना, त्याच घाटात!

मग जहाजं. 1919 ला नरोत्तम मोरारजी आणि इतरांबरोबर त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांची 'लॉयल्टी' ही बोट घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू केली. 5 एप्रिल 1919 ला ती बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. आज 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे तो याचमुळे. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला. 1923 च्या करारात तिच्या एकूण टनभारावर मर्यादा घातली. थ्रॉटल बंद! 1929 ला नरोत्तम मोरारजी गेले, तेव्हा वालचंद अध्यक्ष झाले आणि कंपनी चालूच राहिली.

तिसरी तपासणी अॅक्सिलरेटर केबलची. केबलला थोडी ढील लागते. ती ताणलेली राहिली, तर पाय काढूनही थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. वालचंदांच्या केबलला ढील नव्हतीच! मोटारीचा कारखाना काढायचा म्हणून 1939 ला ते अमेरिकेला गेले. परतीच्या विमानात त्यांची विल्यम पॉली या विमान व्यवसायातल्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. आपण प्रवासात झोपलो असतो. त्यांनी विमानाचा कारखाना काढायचं ठरवलं. डिसेंबर 1940 ला म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. 1942 ला युद्धाच्या कारणाने सरकारने तिचा ताबा घेतला. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी 1941 ला झाली. तिथून 1948 ला 'जलउषा' पाण्यात उतरली. 1952 ला त्या गोदीतही सरकारचा वाटा मोठा झाला.

आणि मोटार? युद्धाच्या गरजेत ती बसत नाही म्हणून सरकारने मदत नाकारली. तरी 1944 ला प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 ला क्रायस्लरच्या मदतीने कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडल्या. पुढे याच कंपनीची फियाट आणि पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली. ती काळी-पिवळी पद्मिनी 2023 ला रस्त्यावरून कायमची गेली.

पण मित्रांनो, व्हायवात पुढचा प्रश्न असतो, आणि तो आपण विसरतो. जास्त आयडलिंगने नुकसान काय? पेट्रोल जळतं, इंजिन तापतं, झीज वाढते. वालचंदांनाही ती किंमत भरावी लागली. 1949 ला त्यांना पक्षाघात झाला. 1950 ला कामातून बाजूला व्हावं लागलं. 8 एप्रिल 1953 ला गुजरातमध्ये सिद्धपूरला ते गेले. फियाट 1100 चं उत्पादन 1954 ला सुरू झालं, ते त्यांनी पाहिलंच नाही. रात्र रात्र जागून सबमिशन करणाऱ्या आणि त्याचा अभिमान वाटणाऱ्या आपल्या हॉस्टेलने हा भागही वाचायला हवा. नुसतं पळत राहणं हा काही गुण नव्हे.

मग माझं निदान काय? त्यांच्या इंजिनात दोष होता का? मला वाटतं, हवा आली ती मुख्यतः जोडांमधून. फाटकांची माहिती, मोरारजींची साथ, म्हैसूरचा पाठिंबा. फक्त मेकॅनिक ज्याला गळती म्हणतो, तेच या माणसाचं बळ होतं. विमानाचा कारखाना त्यांच्या हातातून गेला, पण आज तो एचएएल म्हणून उभा आहे. गोदीही आहे, बोगदेही आहेत.

सोलापुरात राहून काही होत नाही, हे वाक्य मेसमध्ये रोज कानावर पडतं. वालचंदही मुंबईला गेले, हे खरंच आहे. पण पहिलं काम आणि पहिला भागीदार त्यांना मिळाला तो या भागातल्या रेल्वेच्या रुळांवर. आपल्याही शेजारच्या खोलीत एखादा फाटक बसलेला असेल. परीक्षा संपली की त्याचं दार जरूर वाजवा!