भयाचा खरा चेहरा

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात 'सैरंध्री' हा मूकपट प्रथम झळकला. पडद्यावर भीमाने कीचकाचा वध केला, तेव्हा प्रेक्षागृहात हाहाकार उडाला, काहींना भोवळ आली, असे सांगतात. ते दृश्य इतके खरे वाटले की सरकारी आक्षेपामुळे पुढे ते वगळावे लागले. पडद्यावरील भीतीचे सामर्थ्य मराठी प्रेक्षकाला ज्यांनी प्रथम दाखविले, ते कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर.

३ जून १८९० रोजी जन्मलेल्या बाबूरावांची खरी शाळा म्हणजे कारागिराचे घर. नात्यातल्या आनंदराव पेंटरांसह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. फाळक्यांच्या चित्रपटांनी दोघांनाही झपाटले. परंतु १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी तो ध्यास सोडला नाही. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून शिष्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास त्यांनी तो स्वतःच घडविला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल पुरविले गायिका तानीबाई कागलकर यांनी. 'सैरंध्री' पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

यशाची वाट आता स्पष्ट होती. पौराणिक कथा, भव्य देखावे आणि थरार यांना गिऱ्हाईक होते. असे असूनही १९२५ साली बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला. त्यात ना राक्षस, ना तुटलेले मस्तक. सावकाराच्या कागदापायी जमीन गमावलेला शेतकरी आणि शहरातील गिरणीत मजुरी करण्याची त्याच्यावर आलेली पाळी, एवढेच कथानक. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. अंधारलेल्या झोपडीची त्यातील छायाचित्रे जाणकारांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली.

हे भय काल्पनिक नव्हते. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, ते कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यासाठी. १८७९ चा कायदा होऊनही कर्जाचा फास सुटला नाही. कीचकाचा वध पाहून भेदरलेला प्रेक्षक घरी सुखरूप परतत असे; 'सावकारी पाश' मधले भय मात्र अनेकांच्या घरीच वाट पाहत बसले होते. कदाचित म्हणूनच त्या चित्रपटाकडे लोकांनी पाठ फिरविली. पैसा मिळाला नाही.

कलावंताच्या स्वातंत्र्याचा हिशेब येथेच अवघड होतो. कॅमेरा हातांनी घडविता येतो, भांडवल मात्र दुसऱ्याचे असते. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' उभी केली. थोड्याच काळात बाबूरावांनीही कंपनी सोडली व ती बंद पडली. तथापि १९३६ साली, बोलपटाच्या युगात, त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला. एकदा तोट्यात गेलेला विषय दुसऱ्यांदा हाती घेणे व्यापाराच्या नियमात बसत नाही. ते निष्ठेचे लक्षण होय.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. त्या मूकपटाची प्रत आज पाहावयास मिळत नाही. कर्जापायी खचलेला शेतकरी मात्र महाराष्ट्राला आजही दिसतो. शंभर वर्षांपूर्वी ज्याने ते भय ओळखले, त्याचे स्मरण केवळ चित्रपटाच्या इतिहासापुरते राहू नये.