हेन्रिएटा लेविट: ताऱ्यांच्या धडधडीवरून विश्व मोजायची युक्ती देणारी ‘कॉम्प्युटर’

हबल दुर्बिणीने टिपलेला आरएस पपिस या ताऱ्याचा फोटो एकदा सर्च करून बघाच. मधोमध झगझगीत तारा आणि भोवती धुळीचं भलंमोठं वेटोळं. हा तारा सूर्यापेक्षा सुमारे २०० पट मोठा आहे आणि त्याचं तेज कधीच स्थिर नसतं. साधारण दर ४० दिवसांनी ते जवळपास पाचपट वाढतं आणि पुन्हा उतरतं. उजेडाची प्रत्येक लाट भोवतालच्या धुळीवर आपटत बाहेर जाते. हबलच्या वेगवेगळ्या दिवशीच्या फोटोंत ती पुढे सरकताना चक्क दिसते.

अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. ते दिसायला सुंदर आहेतच, पण त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून किती लांब आहेत हे त्यांच्यावरून कळतं. ही युक्ती ज्या बाईंनी शोधली, त्यांनी अंतराळ दुर्बीण कधी पाहिली नाही. पाहणार तरी कशी? त्यांचं काम काचेच्या तुकड्यांवर, भिंगातून चालायचं.

तेव्हा ‘कॉम्प्युटर’ म्हणजे माणूस होता

हेन्रिएटा स्वान लेविट यांचा जन्म ४ जुलै १८६८ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. १८९२ मध्ये त्यांचं कॉलेज संपलं आणि शेवटच्या वर्षी खगोलशास्त्राची गोडी लागली. लवकरच त्या हार्वर्ड वेधशाळेत बिनपगारी काम करू लागल्या.

वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी तिथे बायकांची एक टीमच उभी केली होती. आकडेमोड करणाऱ्या या बायकांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत. रात्री दुर्बिणीवर बसायचं काम पुरुषांचं आणि दिवसा फोटो तपासून आकडे काढायचं काम बायकांचं, अशी वाटणी होती. पगार साधारण तासाला २५ सेंट.

मध्ये काही वर्षं लेविट हार्वर्डपासून दूर होत्या. आजारपणात त्यांची ऐकण्याची शक्ती कमी होत गेली. १९०२ मध्ये त्या परत आल्या. काम इतकं चोख होतं की त्यांना तासाला ३० सेंट मिळू लागले. म्हणजे इतरांपेक्षा ५ सेंट जास्त!

काचेवरचे काळे ठिपके

तेव्हा आकाशाचे फोटो काचेच्या प्लेटवर घेत. प्लेट निगेटिव्ह असल्यामुळे आकाश पांढरं आणि तारे काळे दिसायचे. ठिपका जितका मोठा, तितका तारा तेजस्वी. लेविट यांच्याकडे काम होतं रूपविकारी तारे शोधायचं, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं असे तारे.

पद्धत साधी, पण डोळ्यांचा घाम काढणारी. एकाच भागाच्या दोन वेगळ्या रात्रींच्या प्लेट घ्यायच्या. एकीची उलटी, म्हणजे पॉझिटिव्ह प्रत करून दुसरीवर बरोबर ठेवायची. ज्या ताऱ्याचं तेज बदललं नाही तो जुळून जातो. बदललेला तारा मात्र लगेच खटकतो. आज फोनमधलं ॲप दोन फोटोंतला फरक सेकंदात सांगेल. लेविट यांनी हे काम वर्षानुवर्षं नजरेने केलं आणि २४०० पेक्षा जास्त रूपविकारी तारे शोधले.

२५ तारे आणि एक नियम

पेरूमधल्या अरेकिपा इथे हार्वर्डची एक शाखा होती. दक्षिण आकाशातले मॅगेलनचे दोन ढग तिथून छान दिसत. हे ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या छोट्या दीर्घिका. त्यांच्या प्लेट बोटीने हार्वर्डला यायच्या. १९०८ मध्ये लेविट यांनी या ढगांतल्या १७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी छापली. त्यातल्या मोजक्या ताऱ्यांचा काळ नीट ठरवता आला होता आणि तिथेच एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. जे तारे जास्त तेजस्वी होते, त्यांना एक फेरी पूर्ण करायला जास्त दिवस लागत होते.

१९१२ मध्ये त्यांनी लहान ढगातले २५ तारे घेऊन आलेख काढला. काळ सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत बसले. या पत्रकाखाली सही पिकरिंग यांची होती. काम मिस लेविट यांचं आहे, हे आत पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

पण यात एवढं मोठं काय?

रात्री रस्त्यावर लांब एक दिवा दिसतो. तो जवळचा छोटा बल्ब आहे की दूरचा हॅलोजन? नुसतं बघून कळत नाही. ताऱ्यांचंही तेच. आता समोरच्या डोंगरावरून एका बिल्डिंगचे दिवे बघताय असं समजा. सगळे तुमच्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. म्हणजे जो जास्त उजळ दिसतो, तो खरोखरच जास्त वॅटचा. लेविट यांचे २५ तारे असेच एका ढगात, एकाच अंतरावर होते. त्यामुळे काळाचं नातं ताऱ्याच्या खऱ्या तेजाशी आहे, हे पक्कं झालं.

आता कुठलाही सेफीड घ्या. त्याचा काळ मोजा. काळावरून खरं तेज कळेल. ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघा. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, या हिशोबाने अंतर निघतं. फक्त जवळच्या काही सेफीडांचं अंतर वेगळ्या मार्गाने मोजून पट्टीवर आकडे घालायला हवे होते. ते काम १९१३ मध्ये एजनर हर्टझस्प्रुंग यांनी सुरू केलं. लेविट यांच्याकडे मात्र ताऱ्यांचं तेज मोजण्याचं प्रमाण ठरवायचं काम आलं होतं. त्याही कामाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

तारा धडधडतो कशामुळे?

प्रेशर कुकर आठवा. वाफ कोंडते, दाब वाढतो, शिट्टी उचलली जाते, वाफ सुटते आणि शिट्टी खाली बसते. सेफीडमध्ये शिट्टीचं काम हेलियम करतो. तारा आकसला की तापलेला हेलियम उष्णता अडवून धरतो. दाब वाढून तारा फुगतो. फुगल्यावर हेलियम थंड होतो, उष्णता निसटते आणि तारा पुन्हा आकसतो. तारा मोठा आणि तेजस्वी असेल तर ही फेरी सावकाश होते.

आपला ध्रुव ताराही सेफीडच आहे. अढळपदाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याचं तेज दर चार दिवसांनी किंचित वर-खाली होतं.

एका ठिपक्याने विश्व मोठं झालं

१९२१ मध्ये हार्वर्डचे नवे संचालक हार्लो शॅप्ली यांनी लेविट यांना ताऱ्यांचं तेज मोजणाऱ्या विभागाचं प्रमुख केलं. पण त्याच वर्षी १२ डिसेंबरला कॅन्सरने त्यांचं निधन झालं. वय होतं ५३.

दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९२३ मध्ये, एडविन हबल यांना देवयानीच्या एका प्लेटवर एक ठिपका दिसला. आधी त्यांनी तो नवतारा समजला, मग खोडून रूपविकारी अशी खूण केली. तो सेफीड होता, काळ ३१ दिवसांचा. लेविट यांचा नियम लावल्यावर अंतर आलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. शॅप्लींच्या मोजणीत आपली आकाशगंगाच ३ लाख प्रकाशवर्षांची होती. म्हणजे देवयानी तिच्याबाहेर, एक स्वतंत्र दीर्घिका! आजच्या सुधारलेल्या मोजणीत ते अंतर साधारण २५ लाख प्रकाशवर्षं आहे.

१९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिताग-लेफ्लर यांनी लेविट यांना नोबेलसाठी सुचवायचं म्हणून पत्र पाठवलं. त्या हयात नाहीत हे त्यांना माहीतच नव्हतं. मरणोत्तर नामांकन होत नसल्याने विषय तिथेच संपला.

पट्टी अजून तीच

१९९० मध्ये सोडलेल्या दुर्बिणीला हबल यांचं नाव मिळालं. तिचं एक मुख्य काम होतं दूरच्या दीर्घिकांतले सेफीड शोधून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढणं. २०१०-११ मध्ये तिने देवयानीतला तो जुना ठिपकाही पुन्हा टिपला.

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला उडाली, लेविट गेल्यानंतर १०० वर्षं आणि १३ दिवसांनी. सेफीडांवरून हा वेग सुमारे ७३ येतो, तर विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशावरून सुमारे ६७ (एकक: दर मेगापार्सेकला सेकंदाला किलोमीटर). चूक हबलच्या मोजणीत आहे का, हे तपासायला वेबने तेच सेफीड जास्त स्पष्ट पाहिले. हबलची मोजणी बरोबर निघाली. फरक का पडतो, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

आणि त्या काचेच्या प्लेट? हार्वर्डने त्यातल्या चार लाखांहून जास्त प्लेट स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्या आहेत. ज्या आकाशाकडे बघायला लेविट यांना भिंग घेऊन टेबलाशी बसावं लागायचं, ते आता तुमच्या फोनवर दोन बोटांनी झूम होतं.